माझी चित्रं उदास आहेत का? : कोकणातल्या रिकाम्या खोल्यांच्या चित्रांविषयी

कवडसा

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षं मी एकाच विषयावर चित्रं काढते आहे. कोकणातलं कौलारू घर, जेवणं आटोपल्यानंतरची वेळ आणि खोलीत कुणीच नाही. माजघर, पडवी, स्वयंपाकघराचा कोपरा, क्वचित न्हाणीघर. माध्यम तैलरंग, बहुतेक करडे. प्रदर्शनात लोक या चित्रांसमोर बराच वेळ थांबतात, याचं समाधान वाटतं. पण मग जवळ येऊन जे बोलतात ते बहुतेक एकच असतं: "फार उदास आहेत हो चित्रं. घर बंद पडलंय का?" एका आजोबांनी तर "आमच्याही घराला भाऊबंदकीत कुलूप लागलं" असं सांगून डोळे पुसले. त्यांचं दुःख खरं होतं. पण ही चित्रं काढताना माझ्या मनात जे होतं ते वेगळं होतं, आणि ते कुठेतरी नीट लिहून काढावं असं फार दिवस वाटतंय.

माझं आजोळ राजापूर तालुक्यात. मे महिन्यात घर माणसांनी भरलेलं असे. पहाटे चूल पेटल्यापासून घरातल्या बायकांच्या नावाने हाका सुरू व्हायच्या. वहिनी, पाणी तापलं का. काकू, माझा पंचा कुठाय. अगं ए, कुणीतरी आलंय, चहा टाक. दुपारी शेवटची पंगत उठली, खरकटं निघालं, की पुरुषमंडळी ओटीवर लवंडायची, मुलांना माडीवर पिटाळायचे आणि बायका माजघरामागच्या काळोख्या खोलीत चटया टाकायच्या. तिथपासून चहाचं आधण चढेपर्यंत त्यांना कुणी हाक मारायची नाही. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण आजोबासुद्धा ते पाळत.

मी झोपायची नाही. गुपचूप खाली येऊन माजघरात बसायची. जमीन सारवलेली, पायांना गार. वर कौलांमध्ये एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा ताटाएवढा तुकडा खाली पडायचा आणि हळूहळू सरकत जायचा. तो जिथे असेल तिथली जमीन तेवढी नीट दिसायची: सारवताना हात फिरलेल्या अर्धगोल रेघा, त्यांत बोटांचे माग, एखादी चिकटून राहिलेली गवताची काडी. तुकडा पुढे सरकला की त्या रेघा पुन्हा नाहीशा. पलीकडच्या खोलीत कुणी कूस बदलली की बांगड्या वाजायच्या.

तर माझ्या लेखी ती खोली रिकामी नाही. बायका भिंतीपलीकडे आहेत, चौकटीच्या बाहेर. त्या झोपल्या आहेत आणि तेवढ्या वेळात त्यांच्याकडे कुणी काही मागत नाहीये. मला त्या वेळेचं चित्र काढायचं होतं. "मग झोपलेल्या बायकाच का काढत नाहीस?" असं एका चित्रकार मैत्रिणीने विचारलं होतं. झोपलेली बाई काढली की बघणारा तिच्याकडे बघत बसतो. दिवसभर सगळ्यांच्या नजरा झेलून ती जरा आडवी झाली, तर आता माझ्या चित्रात आणखी एक नजर. त्यापेक्षा तिला चित्रातच आणायचं नाही, असं मी ठरवलं.

तुम्हाला काय वाटतं? चित्राचा भाव चित्रकाराच्या मनातला धरायचा की बघणाऱ्याच्या? आणि करडा रंग दिसला की आपल्याला लगेच दुःख का दिसतं?

निळी शाई

सुंदर लिहिलं आहे. सारवणातल्या बोटांच्या रेघा वाचून आमचं वेंगुर्ल्याचं घर डोळ्यांपुढे आलं. चित्रं इथे टाका ना.

घाटमाथा

धागा आवडला. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाला एक रंग दिला आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, भयानक काळा, अद्भुत पिवळा. आणि करुणाचा रंग कपोत, म्हणजे पारव्याचा करडा. तेव्हा तुमचे प्रेक्षक करड्यात करुण बघत असतील तर ते अगदीच हवेतून येत नाही. निदान दीड-दोन हजार वर्षांची परंपरा त्यांच्या बाजूने आहे.

तुमच्या मनातली दुपार मला लेख वाचून कळली. चित्र पाहून कळली असती का? चित्रकाराला सोबत उभं राहून सांगावं लागत असेल तर तो भाव चित्रात उतरला असं म्हणता येईल का? हे टीका म्हणून विचारत नाही, मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

सातासमुद्रापार

मी कोपनहेगनला राहतो. तुमचं वर्णन वाचताना इथल्या विल्हेल्म हामरशॉय या चित्रकाराची आठवण झाली (१८६४ ते १९१६). १८९८ ते १९०९ तो स्ट्रँडगेड या रस्त्यावर ३० क्रमांकाच्या घरात राहिला आणि त्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. करड्या भिंती, पांढरी दारं, अगदी थोडं सामान. माणूस असलंच तर बहुतेक वेळा त्याची बायको ईडा, तीही पाठमोरी.

त्याचं १९०० सालचं एक चित्र शहराबाहेरच्या ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयात आहे. त्यात फक्त एक खिडकी, एक बंद दार, खिडकीतून आलेले उन्हाचे तिरपे पट्टे आणि त्यांत तरंगणारे धुळीचे कण. जमिनीवर खिडकीच्या तावदानांचा कवडसा. खोलीत दुसरं काहीही नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बरोबरची मराठी मंडळी म्हणाली, "बापरे, किती एकटं!" माझ्या डॅनिश शेजारणीला मात्र त्यात घरपण दिसलं. इथे हिवाळ्यात ऊन इतकं दुर्मिळ असतं की खोलीत असा पट्टा आला हीच तिच्या दृष्टीने मोठी आनंदाची गोष्ट. ज्याच्या त्याच्या उन्हावर अवलंबून असावं बहुतेक.

नवशिका

कवडसाताई, मी पुण्यात पेंटिंग शिकतोय, दुसरं वर्ष. तुम्ही करडा कसा तयार करता? माझा नेहमी मळकट होतो. आम्हाला सांगतात की काळ्या-पांढऱ्याचा करडा वापरू नका, पण का ते नीट कळलेलं नाही.

कवडसा

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

नवशिका, काळ्या-पांढऱ्याचा करडा वाईटच असं नाही, पण त्यात बहुधा एक थंड निळसर झाक येते आणि चित्रभर तोच वापरला तर सगळ्या वस्तू एकाच पदार्थाच्या वाटू लागतात. मी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळते. दोन्ही एकमेकांना जवळजवळ मारतात, आणि कुठला कणभर जास्त आहे त्यावर तो करडा थंड किंवा उबदार होतो. एका भिंतीत मी तो वीस जागी बदलते. कोपऱ्यात निळ्याकडे, दाराजवळ तांबूसकडे, जमिनीलगत थोडी हिरवी माती. शिवाय कॅनव्हासला आधी बर्न्ट सिएनाचा पातळ हात देऊन तो वाळू देते, वरच्या करड्याखालून तो कुठे कुठे डोकावत राहतो. मळकटपणा बहुतेक वेळा रंग फार घोटल्यामुळे येतो. पॅलेटवर एकजीव करून टाकू नकोस, अर्धवट मिसळलेलाच उचलून लाव.

आणखी एक करून बघ. करड्याच्या शेजारी नारिंगीसर पिवळा ठेव आणि त्या करड्याकडे पाहा. तो आपोआप निळसर दिसेल, तू निळा घातलेला नसला तरी. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो पॅरिसच्या गोब्लँ इथल्या गालिचे विणण्याच्या कारखान्यात रंगाई बघायचा. काळा धागा फिका पडतो अशा तक्रारी येत, तेव्हा त्याने दाखवून दिलं की रंगात खोट नाही, शेजारच्या धाग्यामुळे काळा तसा दिसतो. माझ्या चित्रांतली सावलीची जमीन गार वाटते ती याच कारणाने, शेजारी उन्हाचा तुकडा आहे म्हणून. तो झाकला तर तीच जमीन चांगली उबदार आहे.

घाटमाथा, कपोतवर्णाचा संदर्भ माझ्या कामाचा आहे, मनापासून आभार. मी खिडकीत बसलेल्या पारव्याचे अभ्यास केले आहेत. त्याच्या अंगाचा करडा आणि मानेचा करडा वेगळा. मान वळली की जांभळा, पुन्हा वळली की हिरवा. ज्याने करुणाला हा रंग दिला त्याला तो सपाट, विझलेला रंग म्हणून अभिप्रेत नसावा, असं मला वाटतं.

तुमचा मूळ प्रश्न मात्र तसाच उरतो. मला त्याचं उत्तर असं सुचतं: चित्रात माझा अर्थ उतरला पाहिजे असा माझा हट्ट नाही. चित्रात ती वेळ उतरली पाहिजे. खोलीत उजेड कुठून येतो, जमीन किती गार आहे, आवाज किती कमी आहे, एवढं चोख असलं की बघणाऱ्याला तिथे बसता येतं. बसल्यावर त्याला काय आठवेल ते त्याचं. फक्त बसायच्या आधीच "उदास" म्हणून तो पुढे गेला, तर वाईट वाटतं.

सातासमुद्रापार, धुळीच्या कणांचं ते चित्र मी फक्त छापील पाहिलं आहे. त्याच्यात आणि माझ्यात एक फरक मला जाणवतो. त्याच्या खोल्यांत बंद दारं आहेत. माझ्या चित्रांत दार नेहमी थोडं उघडं असतं, कारण आमच्या घरात दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती.

बकुळ

कवडसा, तुझं लिखाण चांगलं आहे, पण मला जे वाटलं ते सांगायलाच हवं. मी पंचाहत्तरीची आहे, आणि अशाच घरात सून म्हणून राहिले आहे. ही दुपारची झोप सगळ्यांच्या वाट्याला नसायची. सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई लवंडायच्या. धाकट्या सुनांनी त्या वेळात तांदूळ निवडायचे, उन्हात घातलेल्या साठांवर आणि सांडग्यांवर कावळा बसू नये म्हणून अंगणात राखण करायची. आणि तू ज्या सारवलेल्या जमिनीचं एवढं कौतुक केलंस ती सारवणारी बाई तर सकाळीच आपल्या घरी जाऊन तिच्या चुलीला लागलेली असायची. बोटांचे माग तिचे.

आणखी एक. आमच्या घरात एक काळोखी खोली होती, तिथे चुलत आजेसासूबाई असायच्या. बालविधवा. केशवपन केलेलं, अंगावर आलवण. त्यांना हाक कुणी मारत नसे, दुपारी नाही आणि इतर वेळीही नाही. तेव्हा "कुणी हाक मारत नाही" हे प्रत्येक बाईसाठी सुख नव्हतं, बाळा. ज्या लोकांना तुझ्या रिकाम्या खोलीत दुःख दिसतं, त्यांना कदाचित असंच काही माहीत असेल.

निळी शाई

बकुळकाकू, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. माझ्या आजीकडून अशाच गोष्टी ऐकल्या आहेत.

नवशिका

आलवण म्हणजे काय? हा शब्द पहिल्यांदाच वाचला.

बकुळ

विधवा ब्राह्मण बाईला नेसावं लागायचं ते तांबडं लुगडं. जाडंभरडं, काठपदर नसलेलं. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कारण केस काढलेले असत. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, त्याच्याही आधी १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार दिला. तरी आमच्या गावापर्यंत हे सगळं पोचायला फार वेळ लागला. मी लग्न होऊन आले तेव्हाही घरात आलवण होतं.

कवडसा

बकुळकाकू, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी लगेच उत्तर दिलं नाही, थोडा वेळ घेतला.

धाकट्या सुनांचं आणि सारवणाऱ्या बाईचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. बोटांचे माग कुणाचे, हे यापुढे ती जमीन रंगवताना माझ्या मनात राहील. चौकटीबाहेर किती जणी आहेत आणि त्या सगळ्या झोपलेल्या नाहीत, हे चित्रात कसं येईल याचा विचार करते आहे.

पण त्या काळोख्या खोलीबद्दल मला तुम्हाला काही सांगायचं आहे. याच मालिकेत एक चित्र आहे, त्याबद्दल मी वर लिहिलं नव्हतं. आजोबांची एक आत्या अशीच आलवणातली होती. मी जन्मायच्या आधी ती गेली. मी तिला पाहिलं नाही, तिचा फोटो नाही, तिच्याबद्दल घरात कुणी फारसं बोलतही नसे. पण माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पातळांच्या तळाशी, तिचं आलवण होतं. घड्यांवर रंग उडून काविसारखा झालेला, आतल्या भागात मात्र अजून गडद. कापड इतकं खरखरीत की बोटाला लागे. ते मी दांडीवर टाकलं आणि समोर बसून रंगवलं. मालिकेतलं ते एकच चित्र आहे ज्यात करडा जवळजवळ नाही. बर्न्ट सिएना, व्हेनेशियन रेड, सावलीत अॅलिझरिन. सबंध कॅनव्हास तांबडा.

काकू, त्या चित्राला आजवर एकाही माणसाने उदास म्हटलेलं नाही. "हे छान आहे, यात ऊब आहे", "हे हॉलमध्ये शोभेल", "याच्यात सणाचा रंग आहे" असंच म्हणतात. ज्या चित्रात मी विसावा रंगवला त्यात लोकांना शोक दिसतो, आणि ज्यात खरोखरच एका बाईचं सबंध आयुष्य संपलं होतं त्यात सण दिसतो. हा धागा काढायचं खरं कारण ते चित्र होतं. तुम्ही लिहिलंत म्हणून ते सांगता आलं.

घाटमाथा

हे वाचून मी माझं आधीचं म्हणणं थोडं बदलतो. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात नंदाची बायको सुंदरी आहे, जिला 'मरणासन्न राजकन्या' म्हणतात. नवरा भिक्षू झाला हे कळल्यावर ती कोसळते आहे. तिथले रंग पाहा: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. बहुतेक सगळी ऊबच. तरी त्या चित्रापुढे उभं राहिलं की शोक लपत नाही, कारण तो मिटत आलेल्या पापण्यांत आहे, कललेल्या मानेत आहे, सावरायला आलेल्या दासीच्या हातात आहे. रंगाने तो सांगितलेलाच नाही.

पण तुमच्या आलवणाच्या चित्रात मान नाही, पापणी नाही, फक्त कापड आहे. बघणाऱ्याने ओळखायचं कशावरून?

सातासमुद्रापार

घाटमाथा, याला जोडून अमृता शेरगिलचं 'तीन मुली' आठवतं. १९३५चं, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. पॅरिसहून परतल्यानंतरच्या पहिल्या काही चित्रांपैकी. १९३७ साली त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिघींचे कपडे कसे झळझळीत रंगांचे, आणि तिघी कुणाकडेही न बघता बसलेल्या. रंग बाजूला ठेवून फक्त चेहरे पाहिले तर पोटात तुटतं. तिथेही चेहरे आहेत हे मान्य.

दुसरीकडे आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे. चेहरा नाही, वस्तू नाही, चित्राला बहुधा नावही नाही. रोलर आणि सुरीने रंग चढवायचा, खरवडायचा, वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. त्यांना स्वतःच्या कामाला अमूर्त म्हटलेलंही पसंत नव्हतं. त्यांच्या चित्रापुढे कुणी "याचा अर्थ काय" असं विचारलं तर हाती काहीच लागत नाही, तरी माणूस हलत नाही. मला वाटतं आलवणाचं चित्र या दोघांच्या मधे कुठेतरी अडकलं आहे. ते निव्वळ रंग म्हणून पाहिलं जातंय, आणि कवडसांना ते पुरेसं वाटत नाहीये.

कवडसा

बरोबर पकडलंत. गायतोंड्यांचा रंग कुणाच्या अंगावरचा नाही, त्यामुळे तो निव्वळ रंग म्हणून पाहिला तर कुणावर अन्याय होत नाही. माझा तांबडा एका बाईने नाइलाजाने आयुष्यभर नेसला आहे. तो नुसताच सुंदर ठरला तर मला ते सहन होत नाही.

नवशिका

ताई, मग चित्राशेजारी माहिती का लावत नाही? आमच्या कॉलेजात सर म्हणतात की चित्राने स्वतः बोललं पाहिजे, शेजारी मजकूर लावणं म्हणजे हार. पण मला तरी इथे वाचल्याशिवाय कळलं नसतं.

बकुळ

लाव माहिती. माझं तरी स्पष्ट मत आहे. ज्यांना आलवण दिसलं की कळायचं अशा आम्ही आता थोड्याच उरलो आहोत. आम्ही गेल्यावर ते चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात सोफ्याच्या रंगाला शोभतं म्हणून लागेल. त्या बाईचं घरात कुणी नाव घेत नव्हतं, निदान चित्राखाली तरी घे.

कवडसा

काकू, तुमचं पटलं. आतापर्यंत मालिकेतल्या सगळ्या चित्रांना मी फक्त वेळ आणि जागा हेच नाव देत आले आहे, 'दुपार, पडवी', 'दुपार, माजघर' असं. त्या एका चित्राचं नाव आता 'आलवण' राहील आणि खाली तीन-चार ओळी असतील: ते कुणाचं, कुठे सापडलं, कापड कसं होतं. त्यापेक्षा जास्त समजावत बसणार नाही. ते चित्र वेगळ्या भिंतीवरही लावणार नाही. माजघराच्या दोन करड्या चित्रांच्या मधेच लावायचं आहे, कारण ती खोली त्याच घरात होती आणि बाकीच्या बायका भिंतीच्या अलीकडे विसावा घेत होत्या तेव्हा ती पलीकडे होती. शेजारच्या तांबड्यामुळे करड्या भिंती किंचित हिरवट दिसतील, त्यासाठी त्या दोन चित्रांवर पुन्हा थोडं काम करावं लागेल. ते मी या पावसाळ्यात करणार आहे. दमट हवेत तेलरंग नीट वाळत नाही, तेव्हा पातळ हात देऊन सावकाश.

आत्याआजीचं माहेरचं नाव मामाला विचारलं आहे. त्याला फक्त सासरचं माहीत आहे. गुरवांच्या घरी एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना विचारून सांगतो म्हणाला.

पुढचं प्रदर्शन दिवाळीनंतर पुण्यात आहे. काकू, तुम्ही आलात तर मला फार आवडेल. ते चित्र तुम्ही बघावं आणि कापड खरं उतरलंय का ते सांगावं, एवढंच मागते.

बकुळ

येते. मला जिने चढवत नाहीत, तेव्हा तळमजल्यावर असेल तर आधी कळव, नाहीतर नातवाला रजा काढायला सांगते. आणि पदराच्या टोकाला गाठ मारलेली दाखवली आहेस का? आमच्या आजेसासूबाई त्यात सुपारीचं खांड ठेवायच्या.

कवडसा

गाठ होती, काकू. ट्रंकेतून काढलं तेव्हा पदराचं एक टोक चुरगळलेलं होतं, तिथे कापड जास्त झिजलंय. ते कशाने हे मला कळलं नव्हतं. चित्रात ते टोक दांडीच्या मागे गेलं आहे. पुढे आणते.